आबांना हाक मारायची कुणी

परवा आमच्या वकिलांच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या मशीनवर बसणारी मैत्रीण टाइप करता करता एकदम थांबली आणि म्हणाली, "सासरे आज सकाळपासून चार वेळा विचारतायत, मुलगा शाळेतून आला का. मुलगा म्हणजे माझा नवरा. चारही वेळा सांगितलं, अहो तो बँकेत आहे, चौतीस वर्षांचा आहे. तरी पाचव्यांदा विचारलंच."

मी म्हटलं, "मग पाचव्यांदा तू काय सांगितलंस?"

"तेच. जरा मोठ्यानं."

मला आधी हसू आलं आणि मग लाज वाटली, कारण जरा मोठ्यानं सांगण्याचा शोध मी तिच्या बऱ्याच आधी लावलाय. आमच्या घरी, मुळशीला, धरणाच्या काठाला. तिला तिथल्या तिथे सगळं सांगायला बसले तर वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणून आता जेवणाच्या सुट्टीत टाइपच करून टाकतेय. माझे हात भराभर चालतात, त्यामुळे इकडचं थोडं तिकडे होईल, पण गोष्ट एकच आहे आणि ती आबांची आहे.

आबा म्हणजे माझे आजोबा. मी तेव्हा अठरा वर्षांची. मॅट्रिक झाले होते, पुण्यात मामाकडे राहून टायपिंगची परीक्षा पास झाले होते आणि नोकरी मिळायची होती. अशा माणसाला आपल्याला सगळं येतं असं वाटतं. होळीच्या आधी दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कार्ड आलं: "आबांना हल्ली विसरायला होते. तू रिकामीच आहेस तर ये." रिकामीच हा शब्द मला लागला, पण गेले.

एसटीतून उतरले तर आबा पारावर बसलेले. मी पाया पडले आणि विचारलं, "आबा, ओळखलंत का मला?"

आबा छान हसले. "तुला न्हाई वळखनार व्हय?"

मला इतका आनंद झाला. घरी जाऊन आजीला सांगितलं, आबांना काही झालेलं नाही, मला लगेच ओळखलं. आजी भाकरी थापत होती. म्हणाली, "काल पोस्टमनलाबी तेच म्हनले. आन परवा म्हशीचा यापारी आलता त्येलाबी."

मग माझ्या लक्षात यायला लागलं. येणारा जाणारा प्रत्येकजण आबांसमोर उभा राहून एकच विचारायचा, "वळखलं का आबा?" आणि विचारून असा बघत राहायचा जसे आमचे टायपिंगचे मास्तर घड्याळ हातात धरून बघायचे. आबांनी बिचाऱ्यांनी एक उत्तर पाठ करून ठेवलं होतं जे कुणालाही चालायचं. समोरचा खूश होऊन जायचा. तो गेला की आबा आजीला हळूच विचारायचे, "कोन हुता गं त्यो?"

आजीला 'गं' म्हणायचे ते अजून सवयीनं. पण कधी कधी तेही सुटायचं. मग म्हणायचे, "बाई, जरा पानी मिळंल का?" पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोला बाई. आजी पाणी द्यायची.

मी म्हटलं हे असं चालणार नाही. यांना शिकवायला पाहिजे. पुण्याहून आणलेले कोरे कागद कापले, मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि भाताच्या पेजेची खळ करून घरभर चिकटवले. दारावर 'दार'. हंड्यावर 'पाणी'. कोनाड्यावर 'चष्मा इथे'. चुलीच्या मागच्या भिंतीवर, आजी जिथे बसायची तिथे, बाण काढून 'ही तुमची बायको'. माझ्या स्वतःच्या पोलक्यावर पण एक टाचला होता. आबांनी ते सगळं फार कौतुकानं पाहिलं, बोटानं चाचपलं. दुपारी शेळ्या आत शिरल्या आणि खळीच्या वासानं तोंड पोचेल तेवढे कागद खाऊन गेल्या. मी शेळ्यांवर ओरडत होते तेव्हा आई म्हणाली, "अगं, पण आबांना वाचता कुठं येतं?"

विसरायचा आजार आबांना होता, पण आबांना अक्षरओळख नाही हे विसरले होते मी.

तरी मी थांबले नाही. मी खरं सांगायला लागले. एका दुपारी आबा ओसरीवर बसले होते, मला म्हणाले, "माजी आय कुटं गेली? सकाळधरनं दिसंना." मी म्हटलं, "आबा, तुमची आई वारली. तीस वर्षं झाली." आबांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ते नुकतंच कळल्यासारखे रडले, हुंदके देऊन. मी पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळानं शांत झाले, डोळे पुसले, आणि म्हणाले, "आय आली का गं?" मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. पुन्हा तेवढंच रडले. तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं तेव्हा आजी सूप टाकून बाहेर आली.

"एकाच मानसाला दिवसातनं कितींदा मसनात पोचवतीस गं तू?" मग आबांकडे वळून, "लाकडं आनायला गेलीया. येतीया दिवस कलताना."

"व्हय का," आबा म्हणाले, आणि पडवीतल्या शेळीला पाला टाकायला उठले.

मी आजीला आत जाऊन म्हटलं, "तू खोटं बोललीस." आजी म्हणाली, "तू खरं बोललीस. कुनाचं काम झालं?"

हे सगळं ठीक होतं, म्हणजे घरात होतं. खरी भीती संध्याकाळची होती. आमची वाडी आता उतारावर आहे, पण आबांची वाडी खाली होती, धरणात गेली. दादा तेव्हा कडेवर होते. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं आणि जुन्या खाचरांचे बांध, एखादा उंबरा, आबांच्या घराच्या जोत्याचे दगड उघडे पडतात. पण दगड आणि काठ यांच्यामध्ये गाळ असतो. वरून वाळलेला, भेगा पडलेला, पाय दिला की गुडघ्यापर्यंत आत. आधीच्या उन्हाळ्यात एक म्हैस त्यात गेली, ती काढायला आठ माणसं लागली आणि तरी निघाली नाही.

आणि ऊन उतरलं की आबा काठी घ्यायचे. "घरला जातू," म्हणायचे आणि खाली चालायला लागायचे. जायचे ताठ, पंचविशीच्या माणसासारखे. आम्ही हाका मारायचो. मी "आबा" म्हणायचे. दादा "आबा" म्हणायचे. आजी "अवं, अवं ऐकलं का" म्हणायची. आबा वळूनही बघायचे नाहीत. मग कुणीतरी धावायचं, हात धरायचं, आणि ओढताना झटापट व्हायची. एकदा दादांच्या हातावर काठी बसली. आबांना अजून खूप ताकद होती, आणि त्यांच्या मते त्यांना कोणी अनोळखी बाप्या रस्त्यात अडवत होता.

आता मेंढरांचं सांगते. भात निघाला की आमच्या शेतात मेंढरं बसवायची पद्धत. धनगर चार-सहा रात्री कळप राखायचा, शेताला खत मिळायचं, आम्ही त्याला धान्य द्यायचो. आमचा धनगर आबांच्याच वयाचा, खालच्या वाडीतला, आबांबरोबर लहानपणी तिथल्या नदीत डुंबलेला. त्या वर्षी तो उशिरा आला. आला त्या संध्याकाळी आबा निघालेले, आम्ही तिघं मागं हाका मारत. धनगरानं तंबाखू मळता मळता वर पाहिलं आणि आबांचं नाव घेऊन, आधी सरळ 'ए' लावून हाक दिली: "ए अमक्या, कुटं निगालास? चल की घरला."

आणि आबा थांबले. वळले. "आलो की," म्हणाले. आणि आले.

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आबा त्या वेळेला आबा नसतातच. ते कुणाचे वडील नसतात, आजोबा नसतात, नवरा नसतात. मग आबा म्हटलं काय, अवं म्हटलं काय, ते कशाला वळतील? त्यांना त्यांच्या नावानं हाक मारायला पाहिजे, बस. मी जेवताना हे सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांना पटलं. मग प्रश्न आला, मारायची कुणी.

आजी नवऱ्याचं नाव घेणार नाही, हे सांगायला नकोच. दादा म्हणाले, "बापाचं नाव घिऊन वरडू व्हय वाडीत? उद्या कोन मला दारात उभं करंल?" आई तर सून. आबांचं नाव ज्या देवाचं, त्या देवाची आरती म्हणताना तेवढा शब्द आला की आई ओठ मिटायची आणि टाळ्या जोरात वाजवायची. इतकी वर्षं मला वाटायचं तिला ती ओळ येत नाही. माझा धाकटा भाऊ, तेव्हा दोन वर्षांचा, त्याचं पाळण्यातलं नाव आबांचंच, पण घरात त्याला सगळे भलत्याच नावानं हाक मारायचे कारण ते नाव उच्चारणार कोण. वाडीतले बाकीचे सगळे भावकीतले आणि आबांपेक्षा लहान. म्हणजे अख्ख्या वाडीला ते नाव पाठ होतं, सातबाऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि हाक मारायला एक तोंड नव्हतं.

"तू मार की," दादा मला म्हणाले, "शिकलेली हायस." ते टोमण्यात म्हणाले. मी म्हटलं मारीन. आजीनं उलथणं माझ्याकडे रोखलं आणि विषय संपला.

धनगर होता तेवढे दिवस सुखात गेले. रोज संध्याकाळी तो हाक द्यायचा, आबा यायचे, दोघं तंबाखू खात बसायचे. धनगर आबांना "वळखलं का" असं कधीच विचारायचा नाही. म्हणायचा, "औंदा पाऊस बरा हाय न्हवं?" आबा म्हणायचे बरा हाय. कुठल्या वर्षीचा पाऊस ते दोघांनाही विचारायची गरज नव्हती. पण मेंढरं एका जागी किती राहणार. सहाव्या दिवशी कळप गेला.

आठव्या दिवशी आबा गाळात गेले. गुडघ्यापर्यंत. दादांनी आणि शेजाऱ्यांनी फळ्या टाकून, दोर लावून काढलं. आबा थरथरत होते आणि तरी म्हणत होते, "सोडा मला, घर हितंच हाय." घर खरंच तिथंच होतं, बारा पावलांवर.

दुसऱ्या दिवशी पौडच्या बाजारातून दादा साखळी घेऊन आले. बैलाची. नवीन. ओसरीच्या खुंटीला अडकवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "आता एकदा जरी ते गाळाच्या कडंला गेले तर खांबाला बांधनार. मग मला कायबी म्हना."

दादा वाईट नव्हते. ते आदल्या रात्री जेवले नव्हते. आईनं साखळीच्या कडीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, म्हणजे पायाला काचायला नको. हे मी बघितलं आणि मला कळलं की बांधायचं ठरलंय. आजीनंही ते बघितलं. ती चिंधी तिच्याच लुगड्याची होती.

त्या संध्याकाळी आबांनी काठी घेतली तेव्हा आजी आधीच बांधावर जाऊन उभी होती. मी मागं पळाले. आबा खाली उतरत होते. आजीनं एकदा "अवं" केलं. आबा चालतच राहिले. मग आजीनं इकडं तिकडं बघितलं, वडीलधारं कुणी नाही ना, डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आणि लग्नात पाटावर बसलेल्या नवरीसारखी मान खाली घालून, पण आवाज मात्र पार पलीकडच्या डोंगराला जाईल असा:

"तव्यावर भाकर, चुलीम्होरं पाट,
...राव घरला चला, मी बघतीया वाट."

उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. कुणाच्या बापाची हरकत नाही. डोहाळजेवणाला, बारशाला, हळदीकुंकवाला बायका घेतातच की. मी टायपिंग पास झालेली, मला हे सुचलं नव्हतं. (टिंबांच्या जागी आबांचं नाव आहे. ते मी टाइप करणार नाही. मी पण त्याच घरातली.)

आबा थांबले. वळले. बराच वेळ बांधाकडे बघत उभे राहिले. मग हळूहळू वर आले, आजीच्या बाजूनं खाली मान घालून गेले आणि घराकडे चालायला लागले. आजी त्यांच्या मागं चार पावलं सोडून.

झालं, मग ते रोजचंच झालं. रोज नवीन, कारण आजीचं म्हणणं, शिळा उखाणा घेतलेला बरा दिसत नाही. दिवसभर भाकरी थापताना, भांडी घासताना तिचे ओठ हलत असायचे. कधी माझ्यावर खेकसायची, "गप गं, आत्ता जुळत आलतं." एकदा कमरेत उसण भरली होती त्या दिवशी:

"गाळात रुतली काठी, पान्याखाली वाडी,
...रावांच्या संसाराची मीच वडतीया गाडी."

आणि दादा साखळी काढून तिला तेल लावत बसले होते त्या दिवशी तर तिनं बांधावर जायच्या आधी ओसरीवरच सूर लावला:

"दावनीला बैल शोभं, हंड्याला कडी,
...रावांना जो बांधंल, त्येची भरली घडी."

दादांनी साखळी परत खुंटीला लावली. "आई, गंजू नये म्हनून तेल लावतूया," म्हणाले. आजी म्हणाली, "मी कुटं काय म्हनले? मी नाव घेतलं."

वाडीतल्या बायका त्या वेळेला मुद्दाम पाण्याला निघायला लागल्या. नव्या सुना हंडे घेऊन रेंगाळायच्या आणि पुढच्या कार्यासाठी पाठ करून ठेवायच्या. संध्याकाळच्या एसटीचा कंडक्टर मला स्टँडवर विचारायचा, "काल म्हातारी काय म्हनली?" लोकांना वाटायला लागलं की म्हातारीला म्हातारपणी प्रेम फुटलं. आजी म्हणायची, फुटू दे.

पण खरी मजा पुढंच आहे, आणि ही मी माझ्या कानांनी ऐकलीय. आबा एका सकाळी चुलीपाशी येऊन बसले आणि आजीला म्हणाले, "बाई, एक सांगू का? कुनाला बोलू नगासा."

"सांगा की."

"त्या बांधावर कोन एक बाई रोज माजं नाव घेती. उखान्यात. कुनाची बायकू हाय काय म्हाईत. माजं तर आजून लगीनबी ठरलं न्हाई. आयला कळलं तर मला फोडून काडंल."

आजीच्या हातातली पिठाची काटवट हलायची थांबली. मी दाराआड उभी होते. मला वाटलं आता ही सांगणार, अवं ती मीच. मी असते तर सांगितलं असतं, जरा मोठ्यानं.

आजी म्हणाली, "मग जाता कशाला तिच्या हाकंला? दुर्लक्ष करायचं."

"बिचारी लई वरडती वो. घसा बसंल तिचा." मग थोडं थांबून, "आवाज ग्वाड हाय पर."

आजीनं पदरानं तोंड झाकलं. हसत होती का काय करत होती मला दिसलं नाही. त्या दिवशी आबांच्या भाकरीवर तिनं तुपाचा गोळा ठेवला, जो दादांनाही मिळत नसे.

आणि घसा बसलाच. वैशाखातली हवा, धूळ, आणि रोज डोंगरापर्यंत ओरडणं. एका सकाळी आजी उठली तर आवाजच नाही. आईनं हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं, गरम मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. दुपारपर्यंत तिच्या तोंडातून फक्त हवाच बाहेर येत होती. दिवसभर तिनं मला हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला, मला काही कळेना, आणि मग ती चिडून भिंतीकडे तोंड करून बसली. आबांना आमच्याशी बोलताना कसं वाटत असेल त्याची मला तेव्हा थोडी कल्पना आली.

ऊन उतरलं. आबांनी काठी घेतली. आजी उठून दारात गेली, तोंड उघडलं, शिरा ताणल्या. काही नाही. आबा चालायला लागले. उंबऱ्यात दादा उभे होते. त्यांनी एकदा आजीकडं बघितलं, खुंटीवरची साखळी काढली आणि निघाले. कडीला ती चिंधी लोंबत होती.

मी दादांच्या पुढं पळाले. चप्पल कुठं गेली कोण जाणे. बांधावर पोचले तेव्हा आबा खाली गाळाच्या कडेला, एक पाय उचललेला. मी "आबा" म्हणून ओरडले. काही नाही. उखाणा मला सुचेना, आणि नात आजोबांचा उखाणा कसा घेणार. मागं साखळीचा आवाज येत होता. मग मी धनगराची नक्कल केली. सरळ नाव घेतलं. 'ए' लावून.

"ए अमक्या, चल की घरला."

माझ्याच आवाजाला मी दचकले. पाणवठ्यावरच्या बायका थिजल्या. आबांचा पाय हवेतच राहिला. ते वळले, डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघितलं, आणि काठी उगारली.

"कोन गं ती? माज्या थोरल्याची लेक न्हवं तू? आज्याचं नाव घेतीस? तेबी ए लावून? पुन्यात ह्येच शिकवलं व्हय?"

होळीपासून मी विचारत होते, ओळखलंत का. शेळ्यांना कागद चारले. आणि आबांनी मला ओळखलं ते हे असं. ते बडबडत, काठी आपटत वर येत होते, आणि मी बांधावर उभी राहून रडत होते आणि हसत होते आणि मला शिव्या अजून हव्या होत्या.

वर आले तर समोर दादा, हातात साखळी.

"पोरीला जरा वळन लाव," आबा त्यांना म्हणाले. "साळंत घातली म्हंजी झालं न्हाई. आन ही साखळी घिऊन कुटं निगालास तू? बैल सुटला का?"

दादांनी साखळीकडं बघितलं. मला वाटलं आता खरं सांगतील, ते नेहमी खरंच सांगायचे. दादांनी साखळीची गुंडाळी केली, चिंधी आत दाबली.

"व्हय आबा," म्हणाले. "सुटला हुता. गावला आता."

"मग बांध की."

"ऱ्हाऊ द्या. आपला आपून घरला चाललाय."

"शाना हाय मग," आबा म्हणाले, आणि पुढं चालायला लागले. दादा त्यांच्या मागं. साखळी दादांनी त्या दिवशी सरळ गोठ्यात नेऊन बैलाला घातली, आणि पुढं ती तिथंच राहिली.

घरी आजी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, अख्ख्या वाडीनं ऐकलं होतं. मी जवळ गेले तर तिनं आधी माझ्या दंडाला कडकडून चिमटा घेतला, नाव घेतल्याबद्दल. वळ तीन दिवस होता. मग आबांचे पाय धुवायला पाणी ठेवलं.

आबा पाटावर बसले. ताटाकडं बघितलं, आजीकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं.

"अगं, तुझी नात बघ," म्हणाले. "बापाचं वळन, दुसरं काय. तू लाड करतीस तिचं."

बाई नाही. अगं. आजीच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. किती महिन्यांनी आबा तिच्याशी तिच्या नवऱ्यासारखे भांडत होते, आणि तिला उत्तर द्यायला आवाज नव्हता. ओठ हलले, पण बाहेर काही आलं नाही.

"बोलत का न्हाईस?" आबांनी विचारलं. "रुसलीस व्हय माज्यावर?"

मी सांगणार होते. तोंड उघडलं होतं, शब्द तयार होते: आबा, ती रुसलेली नाही, तिचा घसा बसलाय, तुम्हाला हाका मारून मारून. सगळं खरं. समोरून आई माझ्याकडं बघत होती, दादाही बघत होते. मी तोंडात भात घातला.

आजीनं मान हलवली. व्हय, रुसलीया.

"आता ह्या वयात," आबा म्हणाले, आणि आपल्या ताटातलं तूप बोटानं काढून तिच्या भाकरीवर ठेवलं, आणि जेवण होईपर्यंत तिची समजूत काढत बसले.